घरचे आणि गुरूचे

अकोल्याहून नांदेडकडे जाणारी आगगाडी वाशीम, हिंगोली, वसमत, पूर्णा अशी गावे घेत जाते. पूर्वी हा मार्ग मीटरगेजचा होता. २००८ च्या सुमारास तो रुंद झाला. या गाडीत दोन तऱ्हेचे यात्रेकरू शेजारी शेजारी बसलेले आढळतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी हिंगोलीस उतरतो आणि नामदेवांचे जन्मस्थान मानल्या गेलेल्या नर्सीस जातो. डोक्यास पगडी बांधलेला शीख पुढे नांदेडपर्यंत बसून राहतो. कारण तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू, असे सांगून ठेवले. दोघे एकमेकांस डब्यातले देतात, पाणी देतात, लेकराबाळांची चौकशी करतात. बाकावरच्या या शेजारधर्मात कोणास काही खटकत नाही.

परंतु हाच शेजारचा धर्म आपल्या घरच्या ओसरीवर आला, म्हणजे मात्र आपली चर्या पालटते. याच प्रसंगाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

एक घर डोळ्यांपुढे आणू या. ते अमरावतीच्या एखाद्या जुन्या पेठेत असेल, नाही तर अकोल्याच्या एखाद्या नव्या वसाहतीत. वडील पंढरीची वारी केलेले, आई एकादशी न चुकविणारी. थोरला मुलगा कमावता. त्याच्या एका सिंधी मित्राबरोबर तो गुरुद्वारात जाऊ लागतो, कीर्तन ऐकतो, पंगतीत बसतो. पुढे खर्रा सोडतो, त्याचे घरी कौतुक होते. मग न्हाव्याकडे जाणे सोडतो. त्याची प्रथम थट्टा होते. आणि एके दिवशी तो सांगतो, "बाबा, मी गुरूच्या मार्गाने जाणार." तेथे थट्टा संपते. आई रडते, वडील बोलणे टाकतात, काका म्हणतात की पोराला कोणी तरी भुलवले. असे घर कोणाचे, हे विचारण्याचे कारण नाही; ते कोणाचेही असू शकेल.

या मुलाने काय करावे? घर सोडावे, की गुरू सोडावा? आमचे म्हणणे असे आहे की, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो. शीख पंथ ज्या घडणीतून आला, ती घडण पाहिली तर घर आणि गुरू यांत निवड करावयास तो सहसा सांगत नाही. मात्र एक दोन गाठी अशा आहेत की, त्या गोड बोलून सुटत नाहीत. त्या कोणत्या, हे आधीच ओळखून ठेवणे यातच दोन्ही पक्षांचे हित आहे.

घरचा पहिला आक्षेप बहुधा असा असतो : "हा पंजाबी लोकांचा धर्म, आपला त्याच्याशी काय संबंध?" या आक्षेपास वारकऱ्याच्या घरात तरी फारसे बळ नाही. गुरू ग्रंथ साहिबाची पाने १४३०. त्यांत सहा गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद आणि आपले नामदेव यांची वाणी आहे. नामदेवांची पदे ६१ आहेत. ज्या ग्रंथापुढे शीख मस्तक टेकतो, त्या ग्रंथात पंढरीच्या शिंप्याचे शब्द आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे नामदेवांचे स्थान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले. खालसा पंथाचे पहिले पाच प्यारे म्हणून जे पाच जण पुढे आले, त्यांतले साहिबसिंग बीदरचे. म्हणजे आपल्या मराठी मुलखाच्या शिवेवरचे. तेव्हा मुलगा परमुलखात गेला असे समजण्याचे कारण नाही. नामदेव गेले त्याच वाटेने तो थोडा पुढे गेला, एवढेच.

घरच्यांशी मतभेद ही गोष्टही नामदेवांस नवी नव्हती. आई गोणाई आणि पत्नी राजाई या दोघींच्या नावांवरचे अभंग गाथेत आहेत. त्यांत संसाराकडे पाठ फिरविणाऱ्या नामदेवांबद्दलची त्यांची तक्रार उघड बोलते. मराठी संतांच्या परंपरेने ही तक्रार झाकून ठेवली नाही, तर जपून ठेवली. भक्ताची बाजू खरी असली, तरी घरातल्या बाईचे रडणेही खरे असते, हे आपल्या पूर्वजांस कळत होते.

आता खुद्द शीख पंथाकडे पाहू. या पंथाच्या आरंभीच्या इतिहासात घरचा विरोध पावलोपावली भेटतो. गुरू नानकांचा जन्म १४६९ चा. जनमसाख्या सांगतात की, मुंजीच्या वेळी त्यांनी जानवे घालून घेण्यास नकार दिला. वडिलांनी व्यापारासाठी २० रुपये दिले, ते त्यांनी भुकेल्या साधूंना जेवू घालण्यात खर्च केले, तेव्हा वडील मेहता कालू संतापले. त्या बापाचा राग आम्हांस समजतो. हिशेब ठेवणारा तो माणूस, मुलगा हातचा जातो असे त्यास वाटले. परंतु त्याच घरात नानकांची थोरली बहीण नानकी होती. तिचा भावावर विश्वास होता. तिने आणि तिचे यजमान जयराम यांनी नानकांस सुलतानपूरला नेले, तेथे मोदीखान्यात काम मिळवून दिले. म्हणजे एकाच घरात विरोध करणाराही होता आणि आधार देणारीही होती. आपल्याकडच्या घरांतही बहुधा असेच असते. अडचणीत सापडलेल्या मुलाने आपल्या घरातली नानकी कोण, हे शोधावे.

पुढे नानक दूरदूर हिंडले. पण अखेरीस त्यांनी काय केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते रानात जाऊन बसले नाहीत. रावीच्या काठी करतारपूर वसवून, बायकामुलांसह राहून त्यांनी शेती केली. थोरले चिरंजीव श्रीचंद विरक्त होते. तरी गुरूपद त्यांच्याकडे गेले नाही. ते १५३९ साली लहणा नावाच्या शिष्याकडे, म्हणजे गुरू अंगदांकडे गेले. हे लहणा आधी देवीचे भक्त. ज्वालामुखीच्या यात्रेस लोकांचे जथे घेऊन जाणारे. अंबादेवीच्या नगरात हे सांगताना आम्हांस विशेष वाटते. जुन्या भक्तीतून नवी भक्ती उगवते. जुनीचा अपमान करावा लागतोच असे नाही.

तिसरे गुरू अमरदास यांची हकीकत तर या विषयावरचा वस्तुपाठच आहे. ते साठीच्या घरात होते, दरवर्षी गंगेस जाणारे. गुरू अंगदांची कन्या बीबी अमरो त्यांच्या पुतण्यास दिलेली होती. एका पहाटे त्या सुनेच्या तोंडून त्यांनी गुरुवाणी ऐकली आणि ते तिच्याबरोबर तिच्या माहेरी गेले. आपल्याहून २५ वर्षांनी लहान, शिवाय सोयरा, अशा माणसाच्या घरी त्यांनी पाणी भरले. लोक हसले. ते हसणे सोसून त्यांनी सेवा केली आणि १५५२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते स्वतः गुरू झाले. सासरी आलेल्या मुलीने आवाज न चढविता आपली वाणी म्हटली, आणि तिच्या चुलतसासऱ्याचे आयुष्य पालटले. वाद घालून हे झाले असते असे आम्हांस वाटत नाही.

येथे आमच्या वऱ्हाडातले एक उदाहरण आठवते. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी जन्मले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास आजोळी वाढले. मुलीच्या बारशास भाऊबंदांच्या रीतीप्रमाणे मांसाची आणि दारूची पंगत घालावयाची, ती त्यांनी नाकारली आणि गोडाचे जेवण वाढले. सोयरे रुसले. पुढे १९०५ साली बाबांनी घरच सोडले. त्यांच्या कार्याची थोरवी कोणी सांगावी असे नाही. पण तो मार्ग घर सोडण्याचा होता. नानकांचा मार्ग घरी परतण्याचा आहे. ज्यास शीख व्हावयाचे आहे, त्याने या दोहोंतला फरक नीट जाणावा. घर टाकून शीख होता येत नाही, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. कारण नाम जपणे, कष्ट करून मिळविणे आणि वाटून खाणे हे जे तीन नेम गुरूंनी घातले, त्यांतले निदान दोन तरी संसारी माणसासच पाळता येतात.

मग घरात भांडण कशावरून होते? आमच्या समजुतीप्रमाणे ते देवावरून फारसे होत नाही. ते केस, जेवण, सण, लग्न आणि मरण यांवरून होते. ही पाच प्रकरणे वेगवेगळी ठेवली, तर त्यांतली निम्मी आपोआप हलकी होतात.

जेवणाचे पाहा. मुलगा शीख झाला म्हणजे घरात मांस येणार, अशी माळकरी आईस धास्ती असते. ती निराधार आहे. शीख मर्यादेने मांस खाणे कोणावर लादलेले नाही. गुरुद्वारातला लंगर तर शाकाहारीच असतो. उलट तंबाखूचा निषेध इतका कडक की, अमृत घेतलेल्या शिखास ती शिवता येत नाही. आमच्या भागात तंबाखूने काय केले आहे, हे पाहणाऱ्या आईस हा नेम जाच वाटण्याचे कारण नाही.

केसांचे थोडे निराळे. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा उभा केला. केश, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण ही पाच चिन्हे त्याची. परंतु ही चिन्हे अमृत घेतल्यानंतर बंधनकारक होतात, आणि अमृत घेण्याची घाई पंथाने कोणास केलेली नाही. शिरोमणी समितीने १९४५ साली जी रहित मर्यादा मान्य केली, तीत अमृत घेणारा फार अजाण वयाचा नसावा असे म्हटले आहे. वाणी वाचणारा, गुरूवर श्रद्धा ठेवणारा, पण अमृत न घेतलेला माणूस सहजधारी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जात आला. पंजाबातल्या कित्येक हिंदू घरांत एक मुलगा केशधारी करण्याची रीत होती. १९४७ नंतर अमरावती आणि अकोला येथे येऊन स्थिरावलेल्या सिंधी मंडळींतही नानकांची वाणी आणि झुलेलाल एकाच घरात नांदताना आपण पाहतो. तेव्हा एका घरात दोन श्रद्धा राहूच शकत नाहीत, हे म्हणणे अनुभवास धरून नाही. मुलाने पहाटे उठून जपजी म्हणावे, संध्याकाळी रहिरास म्हणावी, निजताना सोहिला म्हणावा. त्यास गुटका म्हणून लहानसे पुस्तक पुरते, स्वतंत्र खोली लागत नाही. वर्ष दोन वर्षे हा नेम टिकला, म्हणजे केस का राखले याचे उत्तर तोंडाने द्यावे लागत नाही.

सणांच्या बाबतीत मुलाकडून अधिक समज हवी. शीख मूर्तिपूजा करीत नाही, श्राद्ध घालीत नाही. म्हणून त्याने महालक्ष्म्यांच्या पूजेस बसू नये, हे ठीक. पण घरातले देव उचलण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? ते देव आईचे आहेत. पूजेस न बसणाऱ्या मुलास पंगत वाढता येते, पाणी भरता येते, उष्टी काढता येतात. आणि ही सेवा त्याच्या धर्मात पूजेहून खालची नाही. आपल्या आईच्या घरी जो वाढपी होत नाही, त्याने लंगरात पोळ्या लाटल्या तर ते आम्हांस अर्धेच काम वाटते.

कायद्याची भीतीही घरोघर असते. "धर्म बदलला तर वाटा जाईल" असे काका सांगतात. ते खरे नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा हे शिखांनाही लागू आहेत. वारसाहक्क त्यामुळे बुडत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकास आपला धर्म आचरण्याची मोकळीक दिली आहे, आणि कृपाण बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. अनुसूचित जातींच्या सवलतींची काळजी असणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे की, शीख झालेल्यांस त्या १९५६ पासून आहेत. बौद्धांस त्या १९९० साली मिळाल्या.

हा उल्लेख निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात शीख धर्माचा विचार एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाला होता. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ च्या एप्रिलात ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले. त्या उन्हाळ्यात नागपूरच्या डॉ. मुंज्यांशी याच विषयावर त्यांची बोलणी झाली. पुढे १३ अनुयायांस त्यांनी अभ्यासासाठी अमृतसरला धाडले. १९३७ साली मुंबईत माटुंग्यास खालसा कॉलेज निघाले. अखेरीस बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि वऱ्हाडातल्या असंख्य घरांनी त्यांच्यामागून ती घेतली. तेव्हाही कित्येक घरांत तरुण पुढे आणि म्हातारी मागे, असे झालेच. परंतु सगळी वस्ती बरोबर असल्यामुळे एकेकट्यास तो ताण सोसता आला. आज जो एकटा आपल्या घरात निराळा मार्ग धरतो, त्याच्यामागे वस्ती नसते. म्हणून त्यास संगत हवी. गुरुद्वारात जाणे हा केवळ दर्शनाचा नेम नाही. एकट्या माणसास आपण वेडे नाही याची खात्री तेथे मिळते. घरच्यांनी ती संगत तोडू नये. उलट एखाद्या रविवारी स्वतः जाऊन पंगतीस बसावे आणि मुलगा कोणांत उठतो बसतो, हे डोळ्यांनी पाहावे.

आता त्या दोन गाठी. पहिली लग्नाची. रहित मर्यादेप्रमाणे आनंद कारज हा विवाहविधी दोघे शीख असतील तरच होतो. तेव्हा अविवाहित मुलाने किंवा मुलीने आपला निश्चय स्थळे पाहण्यापूर्वी सांगावा, साखरपुड्यानंतर नव्हे. ज्याचे लग्न आधीच झाले आहे, त्याने पत्नीवर आपला नेम लादू नये. आणि सुनेला किंवा मुलीला या मार्गाची ओढ लागली, तर तिची वाट पुरुषाहून अवघड असते, हे आपण कबूल केले पाहिजे. मुलाच्या पगडीवर घर जितके बोलते, त्याहून सुनेच्या गुटक्यावर अधिक बोलते. अशा वेळी बीबी अमरो कोणाची सून होती, याचे स्मरण सासऱ्यांनी ठेवावे.

दुसरी गाठ मरणाची, आणि खरी कठीण तीच. वडील गेले, म्हणजे थोरल्या मुलाने क्षौर करावे, दहावा करावा, पिंड द्यावा, तेरवी घालावी, ही आपल्याकडची रीत. अमृत घेतलेला मुलगा मस्तक भादरू शकत नाही, पिंडही देत नाही. आयुष्यभर अबोला न धरलेले बापलेकही या एका विचाराने कासावीस होतात. बापास वाटते, माझी गती अडेल. मुलास वाटते, बापाच्या अखेरच्या दिवशी सगळ्या गावापुढे मी कुपुत्र ठरेन. येथे कोणी कोणाची समजूत घातली, तरी दुःख पुरते जात नाही.

तरीही काही करता येते. शीखही प्रेताचे दहनच करतात, आणि मुलाने किंवा अन्य आप्ताने चितेस अग्नी द्यावा असेच त्यांची मर्यादा सांगते. म्हणजे बापास अग्नी देण्याचा थोरल्याचा मान कोठेच जात नाही. क्षौर आणि पिंड हे धाकट्या भावाने किंवा पुतण्याने करावे. वडिलांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचे विधी झाले पाहिजेत, आणि मुलाने ते अडवू नयेत. मात्र हे सारे वडील धडधाकट असताना, ओसरीवर बसून, दोघांनी मिळून ठरवावे. प्रेत अंगणात असताना न्हावी बोलावून मुलावर दडपण आणणे हे जितके निर्दय, तितकेच बापास आयुष्यभर अंधारात ठेवून त्या दिवशी मान हलविणे निर्दय आहे. हे बोलणे अवघड आहे. परंतु ज्या घरात ते एकदा झाले, त्या घरात पुढे पगडीवरून भांडण्यासारखे फारसे उरत नाही, असे आम्हांस वाटते.

सारांश एवढाच. धर्म हा ज्याचा त्याने पाळावयाचा. पण घर हे सर्वांनी मिळून चालवावयाचे असते. मुलाने आपला नेम सोडू नये आणि तो इतरांच्या डोक्यावर ठेवू नये. वडिलांनी आपली नापसंती बोलून दाखवावी, तो त्यांचा अधिकार आहे. पण ताट वेगळे करू नये. मेहता कालूंचा राग कालांतराने गोष्टीपुरता उरला. नानकीची माया आजही लोक आदराने सांगतात. आपल्या घरात अशी वेळ आली, तर मागे आपले नाव या दोहोंपैकी कोणाबरोबर घेतले जावे, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे. आणि जमल्यास वडिलांनी आणि मुलाने मिळून एकदा अकोल्याहून ती गाडी धरावी. वाटेत नर्सीस नामदेवांचे दर्शन घ्यावे आणि पुढे नांदेडला जावे. वाट दोघांची एकच आहे. एकाला थोडे आधी उतरायचे आहे आणि दुसऱ्याला थोडे पुढे जायचे आहे.